लॉवेलचं मानाचं झाड

माझ्या धाकट्या बहिणीनं, कोलेतनं, आयुष्यात एकच मोठी चूक केली आणि चर्चमध्ये जाऊन तिच्याशीच लग्न लावलं. त्या चुकीचं नाव लॉवेल ब्रँडवोल्ड. दुलूथ शहरातल्या एका दुकानात यानं जन्मभर गालिचे विकले, निवृत्त झाला, आणि मग दिवसभर घरी बसून तिच्या डोक्यावर मिरे वाटायला लागला. उंची सहा फुटांच्या वर, पोट त्याच्याही पुढे. हॉटेलात गेला की टेबलावरच्या साखरेच्या पुड्या खिशात घालणारा. पाहुणा दारात दिसला की कॉफीत पाणी वाढवणारा. चाळीस वर्षांत त्यानं तिला नावानं हाक मारलेली मी कधी ऐकली नाही. ‘अगं’, ‘ऐकतेस का’ आणि ‘कुठे मेलीस’, एवढ्यावर त्याचा संसार झाला.

असा हा माणूस साठी उलटल्यावर इतिहासात शिरला.

मी ओडील. सरोवराच्या काठी, बापानं बांधलेल्या घरात राहते, मासे धुरावर धरून विकते. एका रविवारी दोघं जेवायला आली होती. ट्राउटचा तिसरा तुकडा ताटात ओढून घेत लॉवेल म्हणाला, “मी नावाडी होणार.”

“पोहता येतं का तुला?” मी विचारलं.

“खऱ्या नावाड्यांनाही येत नसे.”

“मग बुडत असतील मेले.”

“बुडायचेच,” तो अभिमानानं म्हणाला. जणू याच्याच घरातली माणसं बुडली होती!

तर असं एक मंडळ आहे. फ्रेंच राजाचा अंमल होता त्या काळात बीव्हरची कातडी लादून या सरोवरातून नावा हाकणारे जे लोक होते, त्यांचं सोंग हे आणतात. उन्हाळ्यात तंबू ठोकतात, लाल लोकरी टोप्या घालतात, नाव वल्हवतात, फ्रेंच गाणी म्हणतात. फ्रेंच कुणालाही येत नाही. पंधरा जणांत दोन विमा एजंट, एक माजी मुख्याध्यापक, एक विजेच्या खांबावर चढणारा, आणि सगळ्यांच्या वर स्टूकेल नावाचा दातांचा डॉक्टर. त्याला ‘गाईड’ म्हणायचं. दात काढताना तो काय म्हणवून घेतो देव जाणे.

आता आमच्या घराण्याचा मूळपुरुष, इपोलित त्याचं नाव, हा खराखुरा नावाडी होता. पाठीवर दोन-दोन गठ्ठे घेऊन धबधब्यांच्या कडेनं धावायचा. आतडं उतरून मेला आणि कुठल्याशा नदीकाठी त्याला पुरला. आमच्या घरात त्याची कुणी शेखी मिरवली नाही. बाप एवढंच म्हणायचा, “हमाल होता बिचारा.” तो पोटासाठी मेला, आणि हे पोट भरलेले लोक हौसेनं त्याचा खेळ करतात. मला चीड येते, येणारच.

बरं, मंडळात प्रत्येकाला एक जुनं नाव घ्यावं लागतं. लॉवेलनं कुठलं घ्यावं? इपोलित! आमच्या बापाच्या टेबलाशी बसून, आमचाच मासा खात हा मला सांगतोय, “आजपासून मी इपोलित.” मी कोलेतकडे पाहिलं. ती बशा गोळा करत होती. म्हणाली, “असू दे ग. एवढं काय त्यात?”

‘असू दे ग’ हे तिचं पालुपद. त्या तीन शब्दांवर लॉवेल चाळीस वर्षं तुपात राहिला.

मंडळाचा कायदा मोठा कडक. अंगावर मशीनची शिवण चालत नाही, चेन चालत नाही, प्लास्टिकचं बटण तर महापाप. लॉवेलचा सदरा कुणी शिवला? कोलेतनं, हातानं, सांधे सुजलेल्या बोटांनी. कमरेचा तो रंगीत पट्टा सगळा हिवाळा खिडकीत बसून कुणी विणला? कोलेतनं. पहिल्या दिवशी डॉक्टर स्टूकेलनं त्याची कॉलर उलटी करून डोळ्याला भिंग लावलं, टाके तपासले आणि मान डोलावली.

“सुंदर! कुणाचं काम?”

“माझंच,” लॉवेल म्हणाला. “संध्याकाळी बसायचो जरा.”

कोलेत चार हातांवर उभी होती. मी तिला कोपर मारलं, तर म्हणते कशी, “असू दे ग.”

आणि एवढा कडक कायदा पाळून ही मंडळी करतात काय, तर थापा. लोकांसमोर पाठीवर जे गठ्ठे घेऊन कण्हत चालतात, त्यांत सोफ्यात भरतात तो फोम असतो. मी स्वतः एक उचलून पाहिलाय, करंगळीवर पेलला. बर्फाची पेटी घोंगडीखाली लपवलेली. खारवलेलं डुकराचं मांस आणि वाटाण्याची लापशी पाहुण्यांना दाखवायची, आणि गाडीमागे उभं राहून बर्गर हाणायचा. ज्या बागेत ते खेळ करतात तिथे दारूला बंदी, म्हणून ब्रँडीच्या लाकडी पिंपात सफरचंदाचा रस. तो पिऊन हे झोकांड्या खातात, गळ्यात गळे घालून रडतात. माजी मुख्याध्यापक तर रस पिऊन गवतावर आडवे होतात. बायाबापड्या टाळ्या वाजवतात.

तीन उन्हाळे लॉवेल नावेच्या मधल्या बाकावर बसला. मधला बाक म्हणजे बिनकामाच्या माणसाची जागा. पुढे बसायला डोळे लागतात, मागे बसायला अक्कल लागते. मग चौथ्या वर्षी त्याच्या डोक्यात मानाचं झाड शिरलं.

“मानाचं झाड म्हणजे काय, माहितीये तुला?” त्यानं मला विचारलं.

“नाही. आणि नाही कळलं तरी मी जगेन.”

त्यानं सांगितलंच. जुन्या काळी नावाड्यांना एखादा माणूस मोठा वाटला, की त्यांच्यातला एक जण काठावरच्या उंच पाईनवर चढून मधल्या सगळ्या फांद्या छाटायचा, शेंड्याला तेवढा झुबका ठेवायचा. बुंध्यावर त्या माणसाचं नाव कोरायचं. पुढे त्या झाडाखालून जो नावाडी जाईल त्यानं टोपी काढायची आणि ते नाव तीनदा पुकारायचं. ज्याला हा मान मिळाला त्यानं सगळ्यांना ब्रँडी पाजायची. नाही पाजली तर झाड बुंध्यातून आडवं करायचं. कंजुषाचं नाव रानात ठेवायचं नाही.

“मंडळाला यंदा एक झाड करायचंय,” लॉवेल म्हणाला. “जागा दिली तर नाव माझं. आपल्या टोकावर पाईन आहे ना...”

“आपल्या?” मी म्हटलं. “बाप तुझा होता का?”

घरापुढे जमीन सरोवरात घुसते त्या टोकावरचा पाईन म्हणजे काय, हे बाहेरच्याला कळायचं नाही. आमचा बाप हेरिंग माशांसाठी जाळी टाकायला पहाटे जायचा. या सरोवरावर धुकं उतरलं की स्वतःचा हात दिसत नाही. मग आई कोलेतला त्या पाईनखाली पिटाळायची. हातात पातेलं आणि पळी. ती मुकाट बसून पातेलं बडवायची, बाप त्या आवाजाच्या रोखानं वल्ही मारायचा. मी असले की दहा मिनिटांत कंटाळून पळायचे. कोलेत कधी उठली नाही. हात सुजायचे, नाक वाहायचं, पण होडी खडकाला लागेपर्यंत पोरगी बडवत राहायची. बाप होडीतून उतरला की आधी त्या झाडाच्या बुंध्यावर थाप मारायचा आणि मग तिला उचलून घ्यायचा. आई-बाप गेले, होडी गेली. झाड राहिलं. इकडे आली की कोलेत अजून आधी टोकावर जाऊन येते, मग घरात पाऊल टाकते.

म्हणून मी लॉवेलला सरळ ‘चालता हो’ म्हटलं. आठवड्यानं कोलेत एकटी आली.

“फांद्याच जातील ना ग ओडील? झाड राहील.”

“त्या बोकडासाठी तू बापाचं झाड तासून घेणार?”

तिनं खिडकीतून टोकाकडे पाहिलं. मग म्हणाली, “त्याच्या नावाचं जगात काही नाही ग. दुकानात इतकी वर्षं छातीवर बिल्ला लावला, त्यावरही नाव चुकीचं छापलेलं. कुणी दुरुस्त करून दिलं नाही आणि यानंही मागितलं नाही. एकदा कुठे तरी नीट लिहिलेलं पाहू दे त्याला.”

कोलेतनं माझ्याकडे जन्मात काही मागितलं नव्हतं. मी म्हटलं, “तुझ्या तोंडाकडे बघून हो म्हणते. पण झाडाला काही झालं तर त्याला पिंपात घालून बुडवीन.”

“बुडव,” ती म्हणाली आणि हसली.

जुलैतल्या एका शनिवारी मंडळ आमच्या टोकावर उतरलं. खांबावर चढणारा तो गडी वर गेला. सदऱ्याखाली नायलॉनचे पट्टे बांधलेले, आणि ते दिसू नयेत म्हणून वर घोंगडी गुंडाळलेली. एकेक फांदी खाली पडत होती आणि कोलेत दर वेळी डोळे मिटत होती. दुपारपर्यंत झाड उघडं झालं. शेंड्याला झुबका, मधे नुसता सोट. स्टूकेलनं बुंध्याची साल चौकोनात सोलली आणि लॉवेलचं खरं नाव कोरलं. लॉवेल समोर कमरेवर हात ठेवून उभा होता. खोटं कशाला बोलू, त्याचे डोळे भरून आले होते. कोलेत त्याच्याकडे बघत होती, आणि तिच्या तोंडावर असं काही समाधान होतं की घटकाभर मलाही वाटलं, जाऊ दे, झालं ते बरंच झालं.

मग पिंप आलं.

सगळे पत्र्याचे पेले घेऊन रांगेत उभे. मान गाईडचा, म्हणून पहिला पेला स्टूकेलनं घेतला. घोट घेतला. तोंड वाकडं केलं आणि गवतावर थुंकला.

“हे काय आहे?”

“रस,” लॉवेल म्हणाला. “सफरचंदाचा. नेहमीचाच.”

रांगेतले पेले खाली आले.

“लॉवेल,” डॉक्टर दातदुखीच्या पेशंटशी बोलावं तसं हळू बोलला, “ही बाग नाही. ही खासगी जागा आहे. इथे बंदी नाही.”

“पण आपण नेहमी रसच पितो की! नशा चढल्याचं नाटकच तर करायचं असतं.”

पाहा म्हणजे! तीन वर्षं यांच्यात राहून याला एवढं कळलं नव्हतं. गठ्ठे खोटे, गाणी खोटी, रडणं खोटं, पण या पंधरा बाप्यांची तहान तेवढी खरी होती. वर्षभर ते या एका दिवसावर डोळा ठेवून रस गिळत होते. विमा एजंटांची तोंडं तर अशी उतरली, की त्यांच्याच घराला आग लागली असावी.

“गाडी काढ,” मुख्याध्यापक म्हणाले. “गावातलं दुकान उघडं आहे. जा आणि घेऊन ये.”

आता इथे कुणीही शहाण्या माणसानं काय केलं असतं? मुकाट किल्ली उचलली असती. पण खिशाला हात लावायचा म्हटलं की लॉवेलच्या अंगावर काटा येतो.

“त्या काळी गाड्या नव्हत्या,” तो छाती काढून म्हणाला. “गाडीनं आणलेली ब्रँडी नियमात बसत नाही.”

“त्या काळी कंजुषाचं झाड तोडत असत,” स्टूकेल म्हणाला. “ते बसतं नियमात.” आणि त्यानं खरंच कमरेची कुऱ्हाड काढली. हातघडणीची, धार लावलेली. त्यांच्या सामानात तेवढी एक वस्तू खोटी नव्हती.

मी पुढे झाले. “ए दातकाढ्या! हे माझं आवार आहे. एक पाऊल टाकलंस तर वल्हं डोक्यात घालीन.”

“बाई, रागावू नका. फांद्या छाटायला तुम्हीच परवानगी दिलीत. मानाचं झाड केलं की त्याचे सगळे नियम आले. आता बोलायचं ते ज्याचा मान आहे त्यानं.” तो लॉवेलकडे वळला. “शेवटचं विचारतो. ब्रँडी, की झाड?”

कोलेत पुढे आली होती. तिनं त्याच्या बाहीला हात लावला. स्वतः शिवलेल्या बाहीला. “अहो,” ती म्हणाली, “जाऊन या ना. मी येते हवं तर बरोबर.”

लॉवेलनं बाही सोडवून घेतली. पंधरा जण बघत होते. आता माघार घेतली तर अब्रू जाणार आणि पैसाही जाणार, असा त्याचा हिशोब असणार.

“तोडा,” तो म्हणाला. “तोडायचं तर तोडा. माझं काय जातंय? झाडच आहे एक.”

स्टूकेलनं घाव घातला. पांढरी ढलपी उडून कोलेतच्या पायाशी पडली. मी वल्हं शोधायला वळले आणि तेवढ्यात कोलेतचा आवाज ऐकला. तिचा असा आवाज मी बापाच्या अंत्यविधीलाही ऐकला नव्हता.

“थांबा!”

दुसरा घाव वरच्या वर थांबला. कोलेत घराकडे चालायला लागली, धावली नाही. माझ्या तळघरात तिच्या ब्रँडीच्या बाटल्या असतात. चर्चच्या नाताळच्या केकसाठी ती उन्हाळ्यापासून फळं भिजवते. घरी ठेवल्या तर लॉवेल त्यांत पाणी घालतो, म्हणून इथे. दोन फेऱ्या करून तिनं सगळ्या बाटल्या बाहेर आणल्या. कुणाला हात लावू दिला नाही. रांगेपुढून चालत गेली आणि प्रत्येकाच्या पेल्यात स्वतः ओतली. काठोकाठ. शेवटी लॉवेल उभा होता. त्यानंही पेला पुढे केला. म्हणजे काय निलाजरेपणा!

कोलेतनं बाटलीचं बूच लावलं.

“तुमचा रस तिकडे आहे,” ती म्हणाली. “पिंपात.”

मी हसले. अगदी मोठ्यानं हसले, लपवायचं काय त्यात? मुख्याध्यापकांनी पेला रिकामा केला, मिशा पुसल्या आणि म्हणाले, “गाईड, नियमानं पाहायला गेलं तर पाजणाऱ्याचं नाव.” स्टूकेल तीन पेल्यांनी मऊ झाला होता. त्यानं बुंध्यावरचं नाव तासून काढलं आणि खाली ताज्या लाकडात ‘कोलेत’ कोरलं. मग सगळ्यांनी टोप्या काढल्या आणि तीनदा पुकारा केला. लॉवेलची टोपी डोक्यावरच होती. तो एकटा पिंपाशी बसला होता.

संध्याकाळी तंबू उतरले. लॉवेलनं गाडीचा दरवाजा उघडला आणि नेहमीप्रमाणे ओरडला, “अगं, ऐकतेस का? निघायचंय.”

“तुम्ही व्हा पुढे,” कोलेत म्हणाली. “मी झाडाला डांबर लावून येते.”

घाव होता, त्याला डांबर लावायलाच हवं होतं. दुसऱ्या दिवशी लावून झालं. पण ती गेली नाही. त्या आठवड्यात गेली नाही, पानगळ आली तरी गेली नाही. माझ्या मागच्या खोलीत तिनं पडदे लावले, तेव्हा मी काय ते समजले.

लॉवेल दोनदा येऊन गेला. पहिल्यांदा, डबे उघडायचं यंत्र कुठे ठेवलंय ते विचारायला. दुसऱ्यांदा, सदऱ्याची बाही उसवली म्हणून. कोलेतनं त्याच्यापुढे सुईदोरा ठेवला. “संध्याकाळी बसता ना जरा,” म्हणाली. तो सुईत दोरा ओवायला बसला, पाच मिनिटं झाली, दहा झाली, नाही ओवला गेला. मग सदरा बगलेत मारून निघून गेला. तिच्या तब्येतीची चौकशी दोन्ही वेळा राहून गेली.

मंडळ मात्र त्यानं सोडलं नाही. लाज असती तर सोडलं असतं.

यंदाच्या जुलैत नावा आमच्या टोकावरून गेल्या. ऊन लख्ख पडलं होतं, सरोवर अगदी स्वच्छ. मी आणि कोलेत ओसरीत बसलो होतो. तिच्या मांडीवर पातेलं होतं, ती शेंगा मोडत होती. पाईन बरा आहे, घावाभोवती नवी साल धरतेय. पहिली नाव झाडाखाली आली, वल्ही उभी राहिली, आणि मधल्या बाकावर लॉवेल दिसला. सदऱ्याची बाही अजून उसवलेलीच होती. नियम म्हणजे नियम. स्टूकेलनं हात वर केला, सगळ्यांनी टोप्या काढल्या. लॉवेल थोडा वेळ तसाच बसला. मग त्यानंही काढली.

“कोलेत!” नावेतून पुकारा झाला. पहिल्या खेपेला त्याचे ओठ नुसते हलले. दुसऱ्या खेपेला आवाज आला. तिसऱ्या खेपेला बाकीचे थांबले तरी त्याचा एकट्याचा ऐकू येत होता. चाळीस वर्षांत पहिल्यांदा तिचं नाव त्या तोंडातून निघालं, तेही कुणीतरी नियम केला होता म्हणून.

ओरडून झाल्यावर तो ओसरीकडे बघत राहिला. नाव पुढे सरकली तरी मान वळवून बघत होता.

मला राहवेना. मी म्हटलं, “बघतोय ग तो. वाजव की पातेलं. ये म्हणावं.”

कोलेतनं वर पाहिलं. डोळ्यांवर हात धरून नाव टोकापलीकडे जाईपर्यंत बघितलं. मग पुढची शेंग उचलली.

“धुकं कुठे आहे?” ती म्हणाली. “दिसतंय त्याला सगळं.”